खळ्यातलं लेकरू आणि पृथ्वीचा सोबती

श्रोतेहो, नमस्कार.

ज्वारीची मळणी आता यंत्रावर तासाभरात उरकते. पण ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना खळं आठवत असेल. शेणानं सारवलेली गोल जमीन, मधोमध रोवलेला तिवडा, त्याला जुंपलेली बैलांची पात आणि खुरांखाली चुरडणारी कणसं. आमच्या खळ्यात माझ्याकडं एकच काम असायचं. बैलानं शेपूट उचललं की पळत जाऊन पाटी धरायची, शेण धान्यात पडू द्यायचं नाही. त्यासाठी बैलांच्या बरोबरीनं फिरत राहावं लागे. आबा कडेला घोंगडीवर बसून सांगत, "बाजूबाजूनं चाल रे लेकरा, मधात घुसू नको."

ते खळं मला आठवलं एका लघुग्रहामुळं.

२०१६ चा एप्रिल तुम्ही विसरला नसाल. लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला, हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावरून पॅन-स्टार्स दुर्बिणीनं एक अतिशय फिकट ठिपका टिपला. अंदाजे ४० ते १०० मीटरचा दगड, गावच्या पाझर तलावात मावेल एवढा. पुढं त्याचं नाव ठेवलं कामोओआलेवा. हवाईच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ साधारण असा, की हेलकावे खाणारा आकाशातला तुकडा. हा दगड स्वतःभोवती अवघ्या २८ मिनिटांत फिरतो. आपल्या गावात चहाला आधण ठेवून कप रिकामे होईस्तोवर तिथं एक दिवस आणि एक रात्र होऊन जाते.

पृथ्वीवरून पाहिलं तर तो वर्षभरात आपल्याभोवती एक फेरी मारताना दिसतो. म्हणून कित्येकांनी त्याला पृथ्वीचा दुसरा चंद्र म्हणून टाकलं. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते खळ्यातच नीट समजतं.

तिवडा म्हणजे सूर्य, बैल म्हणजे पृथ्वी आणि पाटी घेतलेलं लेकरू म्हणजे हा लघुग्रह. दोघांची फेरी जवळपास सारख्याच वेळात पुरी होते. त्याचं वर्ष आपल्यासारखंच, सुमारे ३६६ दिवसांचं. फरक एवढाच की बैलाची वाट जवळजवळ गोल आहे, लेकराची थोडी लांबट. कधी ते सूर्यापासून सुमारे साडेतेरा कोटी किलोमीटरवर येतं, कधी साडेसोळा कोटींवर जातं. सूर्याच्या जवळ असताना वेग वाढतो, लांब गेलं की मंदावतो; हा केप्लरचा नियम. आता बैलाच्या डोळ्यांनी बघा. लेकरू आतल्या अंगानं झपाझप पुढं निघतं, मग बाहेरच्या अंगाला सरकतं, तिथं रेंगाळत मागं पडतं आणि पुन्हा आत शिरून पुढं येतं. बैलाला वाटणार, हे माझ्याच भोवती फिरतंय. पण बैल सोडून गोठ्यात नेला, तरी लेकरू तिवड्याभोवती फिरतच राहील. आपल्या चंद्राची गोष्ट वेगळी. पृथ्वीची पकड साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंत चालते आणि चंद्र त्या हद्दीच्या पुष्कळ आत आहे. कामोओआलेवा तिच्या खूप बाहेर.

म्हणून अशा सोबत्याला शास्त्रज्ञ आभासी उपग्रह म्हणतात. तरी पृथ्वीचा त्याच्याशी काहीच संबंध नाही, असंही नाही. तो जरा जास्त पुढं किंवा मागं सरकू लागला की पृथ्वीचं हलकं गुरुत्वाकर्षण त्याला पुन्हा ओळीत आणतं. ही जोडी जवळजवळ शंभर वर्षं जमलेली आहे आणि पुढची काही शतकं टिकेल.

लोणारचं विवर पाहून आलेल्या माणसाच्या मनात येईल, हा पडणार तर नाही? ती शंका रास्त आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, आपल्या शेतांखाली असतो त्याच काळ्या पाषाणात, आकाशातून आलेल्या एका आघातानं जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला आहे. पण कामोओआलेवाची सध्याची वाट निर्धास्त आहे. चंद्र आपल्यापासून जितका लांब, त्याच्या सुमारे ३८ पटींपेक्षा तो जवळ येत नाही, म्हणजे जवळजवळ दीड कोटी किलोमीटर.

मला खरी ओढ आहे ती तो आला कुठून, याची. एरवी तो इतका अंधूक असतो की जगातल्या मोठ्या दुर्बिणींनाही तो नीट अभ्यासायला वर्षातून एप्रिलच्या आसपासचे थोडेच दिवस मिळतात. आपल्याकडं शाळू निघून मळणी झालेली असते तेव्हा. ॲरिझोनातून त्याच्यावरून परतणारा सूर्यप्रकाश तपासला गेला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की तो प्रकाश अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या दगडांशी जुळतो. एखाद्या जुन्या धडकेत चंद्रावरून उडालेला हा तुकडा असावा. २०२४ मधल्या एका अभ्यासानं तर चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं, २२ किलोमीटर रुंदीचं जिओर्दानो ब्रुनो विवर त्याचं माहेर असू शकतं, असं सुचवलं.

चंद्रावरून निघालेला दगड पुन्हा पृथ्वीच्याच जोडीनं चालत राहतो, हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ गच्चीवर बसून होतो.

मे २०२५ मध्ये चीननं त्याच्याकडं थ्यानवन-२ हे यान पाठवलं आहे. त्याच्या अंगावरची माती उचलायची आणि २०२७ च्या अखेरीस कुपीतून पृथ्वीवर उतरवायची, अशी योजना आहे. ती कुपी उघडली की पहिल्यांदा बघायचं ते हेच, की ही माती चंद्राची आहे का.