भूत दिसलं की गूगलला कळतं का?

कसारा घाटातली भुताची गोष्ट ऐकली नाही असा नाशिककर सापडणं अवघडय. पूर्वी अशा गोष्टी एसटीत नाहीतर पारावर ऐकायला मिळायच्या, आता रात्री काही विचित्र दिसलं की माणूस शेजाऱ्याला उठवत नाही, आधी मोबाईल काढून गूगलला विचारतो. मग हे सगळे प्रश्न एकत्र केले तर कुठे काय दिसतंय ते कळेल का?

कुठला शब्द कधी, कुठे किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर 2004 पासूनचा डेटा फुकट बघता येतो. पण तिथल्या आलेखात दिसणारा 100 हा आकडा नीट समजून घ्या, शंभर लोकांनी भूत शोधलं असा त्याचा अर्थ नाही, एकूण सर्चमध्ये त्या शब्दाचा वाटा जेव्हा किंवा जिथे सगळ्यात जास्त होता ती वेळ किंवा ते ठिकाण म्हणजे 100 आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत, त्यामुळे छोटं शहरसुद्धा मुंबईच्या वर दिसू शकतं. सर्च फारच कमी असतील तर सरळ शून्य. त्यात हॉरर पिक्चर रिलीज झाला की आलेख चढतोच.

2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ आठवा. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी आकाशातून जळत जाणारे गोळे दिसले, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूची मोठी रिंग पडली, आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं अभ्यासकांनी सांगितलं. असं काही सगळ्यांना एकाच वेळी दिसतं तेव्हा ट्रेंड्स खरंच कामाला येतं, कारण मागच्या सात दिवसांचा तासातासाचा आलेख मिळतो.

पण भीती बातमीनेही पसरते. गूगलने 2008 मध्ये सर्चवरून फ्लू मोजायला घेतला, 2012-13 च्या हिवाळ्यात अमेरिकेत अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला, बातम्या बघून धडधाकट लोकही सर्च करत होते हे त्याचं एक कारण मानतात.

मला तरी वाटतं, भूत राहू द्या, भीती कुठे वाढलीये एवढं कळलं तरी खूप झालं. ट्रेंड्स फार तर शहरापर्यंत नेतं, पुढे गावात जाऊन विचारावंच लागतं, रात्री नेमकं काय ओरडतं, गव्हाणी घुबड की उसातला बिबट्या. आणि तिथे भोंदूबाबाच्या आधी अंनिसचा (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा) कार्यकर्ता पोचला पाहिजे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण तक्रार होईपर्यंत कुणाच्यातरी सुनेने मार खाल्लेला असतो.