रेघ कोणी ओढायची? मानवशास्त्रीय संशोधनातील नकाशा

मानवशास्त्राच्या प्रबंधात पहिल्या प्रकरणापूर्वी जो नकाशा छापलेला असतो, तो केवळ गाव कोठे आहे हे सांगतो. त्याविषयी मला आज फारसे बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते माहिती सांगणाऱ्या माणसापुढे पसरलेल्या आणि त्यानेच रेघा ओढून भरलेल्या नकाशाविषयी.

या पद्धतीचे सर्वांत भक्कम उदाहरण कॅनडाच्या उत्तरेकडील आहे. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या कॉल्डर खटल्यानंतर सरकार आदिवासींच्या भूमिहक्कांविषयी वाटाघाटींस तयार झाले, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इनुइट हे आदिवासी लोक कोणती भूमी वापरतात हे दाखवण्याची गरज निर्माण झाली. मिल्टन फ्रीमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात प्रत्येक शिकाऱ्यापुढे सरकारी नकाशा ठेवून, आयुष्यभरात आपण कॅरिबू या रानटी हरणांसाठी, सीलसाठी, कोल्ह्याच्या सापळ्यांसाठी कोठवर गेलो, हे त्याला निरनिराळ्या रेघांनी दाखवण्यास सांगितले गेले. शिवाय व्यापारी ठाणी येण्यापूर्वीचा काळ, ठाण्यांचा काळ आणि कायम वस्त्यांचा काळ वेगळा ठेवला गेला. अशी शेकडो नकाशाचरित्रे एकावर एक ठेवून १९७६ मध्ये तीन खंड प्रसिद्ध झाले. सरकारी नकाशात भूमी किनाऱ्याशी संपते, शिकाऱ्यांच्या रेघा मात्र थेट गोठलेल्या समुद्रावर जातात. समुद्राचा बर्फ हीदेखील वावरण्याची जागा आहे, ही गोष्ट प्रश्नावलीतून इतक्या सहज पुढे आली असती असे मला वाटत नाही, कारण तसा प्रश्न विचारण्याचे मुळात संशोधकाला सुचले पाहिजे.

मात्र वापराची रेघ वाटाघाटीच्या टेबलावर पोहोचली की तिची सीमा होते. कॅरिबूंच्या मागे इनुइट दक्षिणेकडे येत आणि त्यांचे शेजारी डेने आदिवासी उत्तरेकडे जात, त्यामुळे दोघांचे प्रदेश एकमेकांत मिसळलेले होते. इनुइटांसाठी वेगळा काढलेल्या नुनावुत या प्रदेशाची हद्द ठरवताना याच पट्ट्यावरून तीव्र वाद झाला आणि १९९२ मध्ये त्यावर सार्वमत घ्यावे लागले.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने हाच प्रश्न ग्रामसभांपुढे आणला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, हे आपणांस ठाऊक आहेच. या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथन पुरावा मानले आहे, आणि दोन गावांचे पारंपरिक सीमेविषयीचे दावे परस्परविरोधी असतील, तर त्यांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून विचार करावा अशीही तरतूद आहे. अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा तो या बैठकीला. तेथे सर्वांना मान्य असा एकच स्वच्छ नकाशा घेऊन जाण्याची घाई होते, आणि आमच्या जीपीएसधारी विद्यार्थ्यांना तर ती फारच होते. त्याऐवजी प्रत्येक गावाने स्वतंत्रपणे काढलेला नकाशा तसाच पुढे ठेवावा, आणि दोन रेघांच्या मध्ये जी पट्टी सापडेल तिच्यातील मोह कोण वेचते, गुरे कोणत्या महिन्यात कोणाची चरतात, हे दोन्ही गावांना समोरासमोर विचारावे.