बातमी कुणी सांगितली?

नमस्कार. सुरुवातीला तुमची दोन मिनिटं हवी आहेत. डोळे मिटा आणि 11 सप्टेंबर 2001 ची संध्याकाळ आठवा. ज्यांचा तेव्हा जन्मच झाला नव्हता, त्यांनी आपल्या आयुष्यातली अशी दुसरी एखादी मोठी बातमी घ्या. तुम्ही कुठे होतात? काय करत होतात? सोबत कोण होतं? आणि ती बातमी तुम्हाला सगळ्यात आधी कुणी सांगितली?

आता डोळे उघडा. पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरं भराभर आली असतील. चौथ्या प्रश्नापाशी बरेच जण थबकले, ते मला इथून दिसत होतं. मी आज त्या चौथ्या प्रश्नासाठीच उभी आहे.

आधी माझी आठवण. मी इस्त्री करत होते. समोर टीव्ही चालू होता आणि पडद्यावर एका मनोऱ्यातून धूर निघत होता. बघता बघता दुसरं विमान आलं आणि शेजारच्या मनोऱ्यात घुसलं. मी तशीच उभी राहिले, हातातली इस्त्री कुर्त्याच्या कॉलरवर टेकलेली. पिवळा कुर्ता. कापड करपल्याच्या वासानं भानावर आले. हा प्रसंग मी पंधरा वर्षं सांगत होते आणि तो वास मला आजही येतो.

अशा आठवणींना मानसशास्त्रात एक नाव आहे, ‘फ्लॅशबल्ब मेमरी’. जुन्या कॅमेऱ्यांवर एकदाच पेटणारा बल्ब असायचा. लख्ख उजेड पडायचा आणि त्या क्षणी समोर जे असेल ते, मुद्दाम टिपायचं नसलेलंसुद्धा, फोटोत यायचं. 1977 मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोघांनी हे नाव दिलं. त्यांनी 80 अमेरिकन लोकांना राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या 1963 मधल्या हत्येबद्दल विचारलं होतं. चौदा वर्षं उलटली होती, तरी जवळपास प्रत्येकाला आपण कुठे होतो, काय करत होतो, कुणी सांगितलं, हे आठवत होतं. त्यांचं म्हणणं असं की, धक्का मोठा असला आणि गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची असली की मेंदू तो क्षण तिथल्या तिथे छापून टाकतो. जिव्हाळ्याची, हा शब्द महत्त्वाचा. त्याच अभ्यासात कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी आठवण कृष्णवर्णीयांपैकी तीन चतुर्थांश लोकांना होती, गोऱ्यांपैकी फक्त एक तृतीयांश लोकांना. बातमी एकच, पण कुणाच्या घरातलं माणूस गेलं होतं, ते या आकड्यांत दिसतं.

प्रश्न जुना आहे बरं का. 1899 मध्ये एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह यांनी 179 जणांना विचारलं होतं, लिंकनची हत्या झाल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? तेहतीस-चौतीस वर्षांनंतरही 127 जणांनी सविस्तर सांगितलं. मात्र ते सविस्तर सांगणं खरं होतं का, हे तपासायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. ब्राउन आणि कुलिक यांच्याजवळही नव्हतं. आठवणीची साक्ष काढायची आणि पुरावा म्हणून पुन्हा आठवणच पुढे करायची, असं ते चाललं होतं.

ही फट मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांनी ओळखली, आणि स्वतःच्याच आठवणीत ओळखली. 7 डिसेंबर 1941, जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला तो दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांचा तेरावा वाढदिवस. त्यांना लख्ख आठवत होतं की ते रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होते, मध्येच प्रसारण थांबवून हल्ल्याची बातमी दिली गेली आणि ते आईला सांगायला जिन्यावरून वर धावले. किती तरी वर्षं ही आठवण त्यांनी जपली. मग एके दिवशी लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. पुढे इतर संशोधकांनी एक शक्यता मांडली. त्या दुपारी न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. त्या काळी याच दोन नावांचे बेसबॉलचे संघसुद्धा होते. आठवणीनं नावं बरोबर धरली आणि खेळ बदलला. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात कुणी थाप मारलेली नाही. इतक्या प्रामाणिकपणे चूक होऊ शकते.

28 जानेवारी 1986 ला ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत आकाशातच फुटलं. त्यात सात जण होते आणि त्यांतल्या क्रिस्टा मॅकॉलिफ या शिक्षिका होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच नाइसर यांनी एमरी विद्यापीठातल्या 106 विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. कुठे होता, कुणाकडून कळलं, सोबत कोण, वाटलं काय. कागद बाजूला ठेवून दिले. अडीच वर्षांनी त्यांतले 44 जण पुन्हा सापडले, त्यांना तेच प्रश्न दिले आणि निकोल हार्श यांच्यासोबत नाइसरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सातपैकी गुण द्यायचे होते. सरासरी तीनपर्यंतही पोहोचली नाही. 11 जणांना शून्य. सातपैकी सात फक्त तिघांना. आणि खात्री किती आहे असं पाचपैकी विचारलं, तर सरासरी चाराच्या वर. आपण पूर्वी अशी प्रश्नावली भरली होती, हेच बहुतेकांना आठवत नव्हतं.

त्यांतली एक विद्यार्थिनी डोक्यातून जात नाही. पहिल्या कागदावर तिनं लिहिलं होतं की ती वर्गात होती, काही मुलं बोलत बोलत आत आली, त्यांच्याकडून उडत उडत कळलं, आणि तास संपल्यावर खोलीवर जाऊन टीव्ही पाहिला. अडीच वर्षांनंतरच्या कागदावर ती वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही बघते आहे आणि बातमी पडद्यावर अचानक येते. वर्ग गेला. दारातून आत आलेली मुलं गेली. तिच्या एकटीचंच असं झालं नव्हतं. सुरुवातीला 21 टक्के लोकांनी टीव्हीवरून कळल्याचं लिहिलं होतं, नंतर 45 टक्क्यांनी. सांगणारी माणसं पुसली गेली आणि त्यांच्या जागी टीव्ही येऊन बसला.

असं का होतं, ते कळण्यासारखं आहे. सांगणारा माणूस एकदाच सांगतो. ते दृश्य मात्र पुढचे कित्येक दिवस, आणि नंतर दरवर्षी, पुन्हा पुन्हा समोर येत राहतं. आठवण दर वेळी नव्यानं रचली जाते आणि रचताना जे हाताशी असेल ते वापरलं जातं. 4 ऑक्टोबर 1992 ला ॲमस्टरडॅममध्ये मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं. त्या धडकेचं चित्रण कुणीच केलेलं नव्हतं. तरी काही महिन्यांनी डच संशोधकांनी विचारलं, तर निम्म्याहून जास्त लोक म्हणाले की ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश 11 सप्टेंबरच्या सकाळी एका शाळेत गेले होते. त्यांनीही डिसेंबर 2001 मध्ये सांगितलं होतं की वर्गात जाण्याआधी त्यांनी पहिलं विमान धडकताना टीव्हीवर पाहिलं. त्या सकाळी पहिल्या धडकेचं थेट प्रक्षेपण झालंच नव्हतं. लोकांनी त्यावरून नाही नाही ते तर्क काढले. नाइसरांचा अभ्यास वाचलेल्या माणसाला मात्र हे ओळखीचं वाटतं.

एक भेद इथे सांगायलाच हवा. 17 ऑक्टोबर 1989 ला कॅलिफोर्नियात भूकंप झाला, तेव्हा नाइसर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांना आणि दूर अटलांटातल्या लोकांना तेच प्रश्न विचारले. दीड वर्षानंतर, ज्यांनी जमीन हलताना अनुभवली होती त्यांच्या आठवणी जवळपास जशाच्या तशा होत्या. ज्यांनी फक्त बातमी ऐकली होती त्यांच्या पार विस्कटल्या होत्या. म्हणून ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याला ‘तुमची आठवण काय सांगावी’ असं कृपा करून कुणी म्हणू नका. हे सगळं आपल्यासारख्यांबद्दल आहे, ज्यांच्यापर्यंत फक्त बातमी आली.

आता माझी डायरी. 2016 मध्ये कपाट आवरताना 2001 ची एक डायरी हाती लागली. त्या वर्षी मी काही महिने नेमानं लिहीत होते. 11 सप्टेंबरचं पान निळ्या शाईत आहे, ‘मनोरा’ शब्द दोनदा खोडून लिहिलेला. वाचून दाखवते.

‘ऑफिसातून निघायला उशीर. सातनंतर घरी. कुलूप काढताना आत फोन वाजत होता. बाबा. म्हणाले, बातम्या लाव. काय झालं विचारलं तर, लाव तू आधी. फोनची वायर टीव्हीपर्यंत पुरत नाही, म्हणून दारात उभं राहून बघितलं. फोन ठेवू नकोस म्हणाले. दोघंही बोललो नाही फारसं. मनोरा पडला तेव्हा बाबा नुसतं ‘अगं’ म्हणाले.’

दुसरं विमान धडकलं ते न्यूयॉर्कमध्ये सकाळी 9 वाजून 3 मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे 6 वाजून 33 मिनिटांनी. तेव्हा मी रस्त्यात होते. ते मी थेट पाहूच शकत नव्हते. मी थेट पाहिलं ते दक्षिणेकडच्या मनोऱ्याचं कोसळणं, आपल्या साडेसातच्या सुमाराचं, आणि तेच मी पंधरा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. इस्त्री नव्हती, माझ्या हातात रिसीव्हर होता. पिवळा कुर्ता खरोखरच जळला होता, पण तो कोणत्या दिवशी, देव जाणे.

बाबा 2009 मध्ये गेले. त्याआधी त्यांच्या देखत मी ती इस्त्रीची गोष्ट किती तरी वेळा सांगितली असेल. ते ऐकायचे. एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यांना आपला फोन आठवत होता की त्यांच्याही आठवणीत दुसरंच काही बसलं होतं, हे विचारायला आता उशीर झाला आहे.

म्हणून एक काम सांगते. मानसशास्त्रज्ञ विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 11 सप्टेंबरच्या आठवणींचा दहा वर्षं माग काढला. विसरणं मुख्यतः पहिल्या वर्षातच होतं आणि नंतर आपण आपली चूकच पक्की करत जातो, असं त्यांना आढळलं. तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की त्याच रात्री चार ओळी लिहा. बातमी काय होती ते लिहू नका, ते सगळे लिहितील. कुणी सांगितलं ते लिहा. त्याचे शब्द, आवाज कसा होता, तुम्ही कुठे उभे होतात. आणि घरातलं वडीलधारं माणूस अशी आठवण सांगत असेल तर मध्येच दुरुस्त करू नका. पूर्ण ऐका आणि मग हळूच विचारा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? या एका प्रश्नानं माझ्या ओळखीच्या काही घरांत विस्मरणात गेलेली माणसं परत आली आहेत.

त्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ आहे. ‘बाबा म्हणाले, उद्या परत करतो फोन.’ पुढचं पान मी उलटून पाहिलं. 12 सप्टेंबर कोरा आहे.