पाच घरची कामं

नमस्कार श्रोतेहो.

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला आमची सोसायटी आहे. सकाळी साडेसहाला गेटवर घरकाम करणाऱ्या बायकांची गर्दी होते. आमच्या मावशी त्यातल्याच. सातला आठव्या मजल्यावरची भांडी, आठला आमची लादी, मग बी विंगमध्ये दोन ठिकाणी पोळ्या आणि शेवटी एका आजींची अंघोळ. अशी एकूण पाच घरं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही, की मावशी, तुम्ही आमच्याशी एकनिष्ठ आहात ना?

मी तीन घरची कामं करते. एक घर लंडनला, एक न्यूयॉर्कला आणि तिसरं नवी मुंबईत महापेला. सॉफ्टवेअर कंपन्यांची मॅन्युअलं लिहिणं हे माझं काम. पगारावर नाही, कंत्राटावर. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तू कंत्राटदार? गटारं बांधतात तसली?" आपल्याकडे या शब्दाला वास आहे खरा.

तुम्हाला 2022 आठवत असेल. घरून काम करता करता लोकांनी गुपचूप दुसरी नोकरी धरली, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. त्या ऑगस्टमध्ये स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचं काम करायची मुभा दिली. पुढच्याच महिन्यात विप्रोचे अध्यक्ष रिशाद प्रेमजी यांनी सांगितलं, की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणारे 300 जण सापडले आणि त्यांना काढून टाकलं. पण ते सगळे पगारदार होते, हे लक्षात घ्या. पगारदार माणूस आपला दिवस विकतो आणि कंत्राटी माणूस काम विकतो. शिंपी दहा जणांचं कापड घेतो, त्याला कुणी बेइमान म्हणत नाही. कपडा वेळेवर मिळाला नाही, की मात्र भांडायला सगळे जातात.

तरीही करार वाचावा. शेवटच्या पानापर्यंत वाचावा. कंत्राट चालू असेपर्यंत दुसरीकडे काम करणार नाही, असं एखादं वाक्य आत कुठेतरी दडलेलं असतं. आपल्या 1872 च्या करार कायद्यात कलम 27 आहे. कुणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल, असं ते म्हणतं. त्याच्या भरवशावर राहू नका. काम सोडल्यानंतरच्या बंदीविरुद्ध ते उपयोगी पडतं. काम चालू असतानाची बंदी न्यायालयं सहसा मान्य करतात. शिवाय परदेशी करारात बहुधा तिकडचाच कायदा लिहिलेला असतो. आणि गुप्ततेचं कलम तर प्रत्येक करारात असतंच. मावशीही एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेत नाहीत. म्हणजे, फारशी नेत नाहीत.

करार मी वाचले होते. घड्याळ वाचायचं राहिलं.

लंडनची मीटिंग तिकडच्या दुपारी दोनला, म्हणजे हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसातला. न्यूयॉर्कची तिथल्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला. मध्ये एक तास. तेवढ्यात कुकर लावून व्हायचा. आपल्याकडे घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही, त्यामुळे हे गणित माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि इंग्लंड शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्कचे दहा आणि लंडनचे दोन एकाच वेळी वाजतात.

मला हे कळलं त्या सोमवारी, संध्याकाळी सात वाजून एकोणतीस मिनिटांनी. दोन लॅपटॉप, दोन आमंत्रणं. मी दोन्हीकडे शिरले. एका कानात लंडन, दुसऱ्या कानात न्यूयॉर्क. पंधरा मिनिटं निभावलं, आणि मग न्यूयॉर्कने विचारलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर मी लंडनला दिलं, तेही न्यूयॉर्कच्या उत्पादनाचं नाव घेऊन. लंडनला सगळे गप्प. न्यूयॉर्कवाले विचारतायत, आवाज येतोय का? तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. ती मात्र दोन्हीकडे ऐकू गेली.

रात्री दोघांनाही पत्र लिहून सरळ सांगितलं, की माझ्याकडे तीन कंत्राटं आहेत आणि आज अशी गफलत झाली. लंडनने मीटिंग अर्धा तास अलीकडे घेतली आणि विषय मिटवला. न्यूयॉर्कने जूनमध्ये कंत्राट वाढवलं नाही. त्यांना दोष देत नाही. माझी चूक कुकरची नव्हती. दोन वर्षं मी त्यांना 'आज जरा गडबड आहे' एवढंच सांगत आले होते. मावशी नवीन घरी पहिल्याच दिवशी सांगतात, "आठ ते नऊ मला बोलवायचं नाही, मी दुसरीकडे असते."

पैशाचंही थोडं सांगते. महापेची कंपनी फीमधून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापते, परदेशातले कुणी काही कापत नाहीत. म्हणून ॲडव्हान्स टॅक्स आपणच भरायचा. पहिला हप्ता 15 जूनला, शेवटचा 15 मार्चला. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, तापाने पडलात तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. आणि जे पगारदार गुपचूप दोन नोकऱ्या करतात त्यांच्यासाठी एक गोष्ट: पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा खाते नंबर, माणशी एकच असतो, दोन्ही कंपन्यांचे पैसे एकाच नंबराखाली दिसतात. पुढचं तुम्हीच ओळखा.

आता न्यूयॉर्कचंच दुसरं एक काम मिळालंय. या वेळी पहिल्याच फोनवर सगळं सांगून टाकलं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय, त्यावर दुधाचा हिशेब आणि मावशींचे खाडे असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे लाल पेनाने 'न्यूयॉर्क' लिहून ठेवलं. परवा लादी पुसता पुसता मावशींनी मान वर करून ते वाचलं.

"नवं घर धरलंत का ताई? किती देतात?"