मामाच्या हॉलमधलं खारं पाणी

[काळा स्क्रीन. फक्त थेंबांचा आवाज. मग पारदर्शक नळी, तिला मारलेली गाठ, खाली प्लास्टिकचं टमरेल.]

नळीला ही गाठ मारलीय ना, ती मुद्दाम मारलीय. सेकंदाला दोन थेंब, जास्त नाही. टमरेलात दोन काळ्या मोली आहेत, गोड्या पाण्यातले मासे, आणि त्यांच्या गोड्या पाण्यात थेंबाथेंबाने समुद्राचं पाणी पडतंय. म्हणजे समुद्राचं नाही, मामाने बनवलेलं. सकाळी साडेनऊला सुरू केलंय आणि मामा म्हणतो संध्याकाळचे पाच वाजतील, घाई करशील तर मासे जातील. पण इथपर्यंत यायला आधी दोन महिने गेलेत, त्यामुळे आपण मागे जाऊ.

[डोंबिवली. बिल्डिंगचा जिना, दार, हॉल. तीन फुटी टाकी, हिरवट पाणी, एंजल मासे.]

ही मामाची टाकी. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच, काठोकाठ भरली तर दीडशे लिटरच्या थोडं वर जाते. एकवीस वर्षं याच लोखंडी स्टँडवर आहे, स्टँड मामाने स्वतः वेल्ड केलाय, तो आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचा. एंजल, टेट्रा, मोली, एक म्हातारा सकर. मामा रिटायर झाला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, आता खारं करायचं.

हे खूळ आजचं नाहीये. मामाला लहानपणी त्याच्या वडिलांनी मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. 1951 साली सुरू झालेलं ते, आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा तिथेच बघितला असेल, ताटातला सोडून. आता बरीच वर्षं बंद आहे. मामाला तिथला एक पिवळा मासा आठवतो, त्याचं नाव आठवत नाही, पण ‘तो काचेजवळ आला आणि मी हात लावला’, हे मामा दर वेळी त्याच टोनमध्ये सांगतो.

[टाकी रिकामी होतेय. नळीतून बादलीत पाणी. खडी उपसली जातेय, काळं पाणी.]

लोकांना वाटतं पाण्यात मीठ टाकलं की झालं. मलाही वाटायचं. पण खाऱ्या टाकीची सुरुवात सगळं बाहेर काढण्यापासून होते. ही रंगीत खडी गेली, तिच्याखालची अंडरग्रॅव्हल फिल्टरची जाळी गेली, आणि जाळीखाली जे निघालं ते तुम्ही बघताय, वास दाखवता येत नाही हे तुमचं नशीब. मामी त्या दिवशी गॅलरीत बसली होती.

मासे शेजारच्या काकूंच्या टाकीत गेले, सकर दुकानदाराने परत घेतला. तलावात सोडून द्या की, असं सांगणारे तीन जण भेटले. अजिबात नाही. हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे अशाच सोडलेल्या माशांमुळे तलावांत आणि नद्यांत पसरलाय, मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि विकलाही जात नाही. दोन मोली मात्र मामाने ठेवून घेतल्या. का ते पुढे येईल.

[मामाची वही, जवळून. तारखा, निळी शाई.]

आणि ही वही. एकवीस वर्षांत टाकीत काय काय पडलं ते हिच्यात आहे. मामा रात्रभर एकच गोष्ट शोधत होता, कधी कॉपरचं औषध घातलं होतं का. माशांवर पांढरे ठिपके आले की देतात त्यातल्या काही औषधांत तांबं असतं. ते टाकीच्या सिलिकॉनमध्ये मुरून बसतं आणि नंतर सुटत राहतं. माशाला एकवेळ चालेल, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मारायला थोडंसं तांबंही पुरतं. वहीत नोंद निघाली नाही, तरी मामाने टेस्ट किट आणून बघितलं. फिटर माणूस, कागदावर विश्वास नाही.

काच व्हिनेगरने घासली, क्षाराचे पांढरे पट्टे निघाले, कडेचा सिलिकॉन चेक केला. पुढे.

[निळं पिंप. आरओचे तीन उभे डबे, नळी. टीडीएस मीटरवर आकडा.]

डोंबिवलीचं पाणी उल्हास नदीचं. प्यायला ठीक, पण त्यात क्लोरीन आहे, नदीतून येताना काय काय मिसळलंय, जुन्या पाइपांचं काय काय आहे, ते सगळं खाऱ्या टाकीत शेवाळाचं खत होतं. म्हणून आरओ, आणि आरओनंतर उरलेसुरले क्षार पकडायला एक रेझिनचा डबा. किचनमधला आरओ चालत नाही, कारण त्यातले बरेचसे पाण्याला चव यावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम ठेवतात. हे टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेलं किती आहे ते सांगतं, त्यावर शून्य आलं पाहिजे. हा बघा शून्य. मामाने मला हा शॉट चार वेळा घ्यायला लावला.

एक लिटर चांगल्या पाण्यामागे साधारण तीन लिटर वाया जातं. मामी ते लादी पुसायला आणि फ्लशला वापरते, पण पिंप भरायला दोन दिवस लागले आणि दोन दिवसांत लादी किती वेळा पुसणार.

[स्लो मोशन. पांढरं मीठ पाण्यात पडतंय, दुधासारखा ढग, मग हळूहळू पाणी स्वच्छ.]

हे माझं आवडतं दृश्य.

लिटरला पस्तीस ग्रॅमच्या वर, म्हणजे या टाकीला साडेपाच किलोच्या आसपास मीठ. आणि हे घरातलं मीठ नाही. आयोडीनवालं सोडाच, आपल्या भांडुप-मुलुंडच्या मिठागरातलं जाडं मीठसुद्धा नाही, कारण मिठागरात मीठ आधी जमतं आणि समुद्रातलं बाकीचं बरंचसं उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, चारशेच्या वर कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, आणि ते सगळं ठरावीक प्रमाणात लागतं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम खाली चुन्यासारखं बसतं. मग आत छोटा पंप सोडून एक दिवस फिरत ठेवायचं.

मी विचारलं, मामा, एवढं करण्यापेक्षा चौपाटीवरून चार कॅन भरून आणू की. मामाने फक्त बघितलं माझ्याकडे. चौपाटीच्या पाण्यात काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको.

[रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला. आत निळी-पांढरी रेघ.]

ही दुर्बीण नाही, रिफ्रॅक्टोमीटर आहे, पाण्याचा खारटपणा मोजायचा. काचेवर दोन थेंब, उजेडाकडे धरायचं, निळा आणि पांढरा जिथे भेटतो तिथला आकडा वाचायचा. 1.025, म्हणजे गोड्या पाण्याच्या तेवढे पट जड, समुद्रासारखं. मामी म्हणाली, मलाही बघू द्या हो, आणि बघून म्हणाली, आमटीला पण एक आणा असलं.

[दगड. जमिनीवर पेपर अंथरून मांडलेले, भोकं पडलेले, पांढरट. मामा एकावर एक रचतोय, पाडतोय, परत रचतोय.]

आता जरा थांबू या, कारण खरा विषय हा आहे.

खाऱ्या टाकीत फिल्टर म्हणजे डबा नाही, फिल्टर म्हणजे दगड. या भोकाभोकांत जिवाणू राहतात आणि माशाची घाण तेच पचवतात. पूर्वी, आणि कुठेकुठे अजूनही, लोक थेट समुद्रातून काढलेला दगड घालायचे, लाइव्ह रॉक म्हणतात त्याला. जिवंत असतो, त्यावर किडे, स्पंज, जांभळं शेवाळ सगळं असतं, टाकी पटकन तयार होते. पण तो दगड म्हणजे रीफचा, प्रवाळांनी बांधलेल्या समुद्रातल्या खडकाचा तुकडा. कोणीतरी पहार घालून तोडलेला. आपल्या देशात रीफ बांधणारं प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, 2001 मध्ये घातलं ते. ज्या परिशिष्टात वाघ आहे त्यात. सगळे समुद्री घोडेही त्याच वर्षी त्या यादीत आले. मालवणला पाण्याखाली प्रवाळ बघायला माणसं पैसे देऊन जातात, आणि इथे कुणीतरी मित्राच्या टाकीसाठी एक तुकडा आणून देतो म्हणतो. मामालाही एकाने फोनवर विचारलं होतं, ओरिजिनल पाहिजे का. मामाने फोन ठेवला.

हे आहेत ड्राय रॉक. जमिनीवरच्या खाणीतले, कधीकाळी समुद्राखाली असलेल्या रीफचे, पूर्ण मेलेले. स्वस्त, हलके, कोरडे, आणि सोबत नको ते प्राणी येत नाहीत. तोटा एकच, जिवाणू तुम्हाला वाढवावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. मामाकडे आता वेळच आहे.

रचायला तीन संध्याकाळी गेल्या. दगड आधी काचेवर, मग भोवती वाळू, उलटं केलं तर वाळू उकरणारा मासा दगड पाडेल आणि काच जाईल. मध्ये गुहा पाहिजे, मागून पाणी फिरलं पाहिजे. जोडायला सुपरग्लूची जेल. मामाची दोन बोटं एकमेकांना चिकटली ते फुटेज आहे पण त्याने दाखवू नको म्हणून सांगितलंय.

[टेस्ट ट्यूब, एकापुढे एक. पिवळा, हिरवा, जांभळा, लाल. खाली तारखा.]

आता काहीच होत नाही. म्हणजे दिसत नाही. टाकीत पाणी आहे, दगड आहे, पंप फिरतोय, मासा नाही. बिल्डिंगमधली पोरं येऊन विचारून जातात, काका, मासे कुठेत?

जुनी एकवीस वर्षांची टाकी होती, तिच्यात जिवाणूंची अख्खी वस्ती होती, ती खडीबरोबर गेली. आणि राहिली असती तरी गोड्या पाण्यातली ती वस्ती एकदम एवढ्या खाऱ्यात टिकत नाही. परत पहिल्यापासून. मामा अमोनियाचे थेंब टाकतो, म्हणजे मासा नसताना माशाची घाण. एक जातीचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा बराचसा निरुपद्रवी, पाणी बदलून काढता येतो. रंग बघा. नवव्या दिवशी अमोनिया गडद हिरवा. अठराव्या दिवशी हिरवा उतरलाय आणि नायट्राइट जांभळा चढलाय. तिथे तो अडकला, दहा-बारा दिवस हललाच नाही, मामा चिडचिडा झाला होता, मामी म्हणाली नोकरीत असताना बरे होते हे. एकेचाळिसाव्या दिवशी दोन्ही साफ, फक्त नायट्रेट लाल. वहीत त्या पानावर त्याने दोन रेघा मारल्यात.

[वाळूवर आणि दगडांवर तपकिरी थर. क्लोजअप. गोगलगाय काचेवर, तोंड हलतंय.]

मग ही तपकिरी धूळ. डायटम, एका पेशीचं शेवाळ. नव्या टाकीला येतेच, घाबरायचं नाही. सहा गोगलगायी आणल्या. हे तोंड बघा, काचेवर कसं चालतंय. दोन मिनिटांचा शॉट आहे हा, कापायला जिवावर आलं.

[थर्मामीटर. 30.8. टाकीवर लावलेला पंखा.]

मे महिना. प्रवाळ असो नसो, पाणी पंचवीस ते सत्तावीस डिग्री हवं, डोंबिवलीचा हॉल दुपारी ते ऐकत नाही. चिलर परवडला नाही, म्हणून पंखा. पंख्याने पाणी उडतं आणि थंड होतं, पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे रोज खारटपणा वाढतो. म्हणून पातळी उतरली की गोडं आरओचं पाणी टाकायचं, खारं नाही, नवशिके इथे हमखास चुकतात. मामाने फ्लशच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह लावून ते आपोआप केलंय. हा जुगाड बघून मला कळलं की याने तीस वर्षं पोरांना काय शिकवलं असेल.

[परत टमरेल, नळी, थेंब. घड्याळ.]

तर आता मोली. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरतं आणि तो दिवसभर लघवी करत ते बाहेर काढतो. समुद्रातल्या माशाचं उलटं, बाहेर जास्त खारट, अंगातलं पाणी ओढलं जातं, म्हणून तो पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. एंजलला हे उलटं जमत नाही, मरेल. मोलीला जमतं. तिचे मूळ नातेवाईक मेक्सिकोकडच्या किनाऱ्यांवर, खाड्यांत राहतात, गोडं, मचूळ, खारं सगळीकडे. फक्त अंगाला बदलायला वेळ द्यावा लागतो. तोच हा वेळ टपकतोय.

पाच वाजून दहा मिनिटं.

[जाळी. मोली टाकीत. थांबते. मग पोहते. निवेदन नाही, वीस सेकंद.]

केशरी क्लाउनफिश तीन आठवड्यांनी आले. हॅचरीत जन्मलेले, म्हणजे समुद्रातून पकडलेले नाहीत, हे मामाने लिहून घेतलं. आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे टाकीत वाढवून दाखवले, ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाची हॅचरी आहे. आग्नेय आशियात अजून कुठेकुठे रीफवर सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडतात, मासा जगला तरी खालचं प्रवाळ मरतं. हॅचरीतला मासा टाकीच्या सवयीनेच वाढलेला असतो, खाण्याची गोळी टाकली की खातो. दोघंही लहान, अजून नर-मादी ठरायचंय, जो दांडगा होईल तो मादी होणार, क्लाउनफिशमध्ये असंच असतं. मामी म्हणाली, शहाणे आहेत.

तीन आणले होते, दोन राहिले. लाइटबिल वाढलंय, खर्चाचा एकूण आकडा मामाने वहीत लिहिलेला नाही.

[रात्र. निळा लाइट. स्टँडच्या पायाशी लादीवर मिठाचा पांढरा डाग. मामी फडक्याने पुसते. मागे दोन केशरी, दोन काळे.]

मामी: अहो, परत गळलंय.

मामा: गळलं नाही, उडालंय.