पाचशेचा भाव

मंडळी, जुलै १९८१ची हेडिंग्लेची कसोटी तुमच्यातल्या पिकल्या केसांना आठवत असेल. इंग्लंडवर फॉलोऑन आलेला, आणि मैदानावरच्या फलकावर इंग्लंडच्या विजयावरच्या सट्ट्याचा भाव झळकला : एकाला पाचशे. भाव काढणारे गॉडफ्रे इव्हान्स, म्हणजे इंग्लंडचेच माजी यष्टिरक्षक! ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीनं १० पौंड आणि रॉडनी मार्शनं ५ पौंड चक्क स्वतःच्या संघाविरुद्ध लावले. मग बोथमच्या नाबाद १४९, विलिसचे ४३ धावांत ८ बळी, आणि १३० करायच्या असताना ऑस्ट्रेलिया १११ वर गारद. दोघांचे मिळून साडेसात हजार पौंड झाले. आज एखाद्या खेळाडूनं हे केलं तर त्याच्यावर बंदीच येईल.

लिलीला इंग्लंड जिंकेल असं मुळीच वाटत नव्हतं. दोनच संघ खेळत असताना पाचशेचा भाव म्हणजे वेडेपणा, एवढंच त्याला वाटलं. तो भावावर खेळला. नवखा माणूस नेमका उलटा जातो : ‘कोण जिंकेल?’ विचारतो आणि भावाकडे बघतच नाही.

भाव वाचायचा कसा? आपल्याकडच्या सट्टेबाजाराच्या भाषेत एखाद्या संघाचा भाव ‘चाळीस पैसे’ असला, तर रुपया लावून चाळीस पैसे सुटतात. हाच भाव परदेशी पद्धतीनं १.४० असा लिहितात, त्यात तुमचा रुपयाही धरलेला असतो. १ ला १.४० नं भागा, ७१ टक्के येतात. म्हणजे तो संघ शंभरात ७१ वेळा जिंकणार असेल तरच तुमची बरोबरी होते.

आता नाणेफेक घ्या. छाप आणि काटा दोन्हींची शक्यता निम्मी, म्हणून खरा भाव २. बुकी, म्हणजे सट्टा घेणारा, देतो १.९०. दोन्ही बाजूंचे टक्के काढा, ५२.६ आणि ५२.६. बेरीज १०५च्या वर जाते. शंभराच्या वरचं जे आहे ते बुकीचं. दोन्ही बाजूंना सारखे पैसे आले तर नाणं कसंही पडो, त्याला फरक पडत नाही. आणि ‘चारही बरोबर आले तर घबाड’ अशी जी साखळी लावतात ना, तिथं ही गळती गुणाकारानं वाढते. चार नाणेफेकींचा न्याय्य भाव १६. हाती येतात १३.

मुंबईत महालक्ष्मीला, घोड्यांच्या शर्यतीत, गोष्ट निराळी. १८८३ पासूनचं ते रेसकोर्स. तिथल्या टोटवर, म्हणजे सामायिक पेटीच्या पद्धतीत, बुकी नसतोच, सगळ्यांचे पैसे एका पेटीत जातात. समजा, विनच्या, म्हणजे पहिला कोण येणार त्याच्या पेटीत एक लाख जमले आणि कर-खर्च मिळून वीस टक्के कापले. उरले ऐंशी हजार. जिंकलेल्या घोड्यावर सोळा हजार लागले असतील तर रुपयाला पाच. त्याच घोड्यावर पन्नास हजार असतील तर एक रुपया साठ पैसे. घोडा तोच, धाव तीच. म्हणजे तुमची शर्यत शेजारी उभ्या असलेल्या पंटरशी, म्हणजे पैसे लावणाऱ्याशी आहे. विन म्हणजे पहिला, प्लेस म्हणजे पहिल्या दोघा-तिघांत. पहिले दोन क्रमानं सांगितले तर फोरकास्ट, क्रम न पाहता क्विनेला, पहिले तीन क्रमानं म्हणजे टनाला. नाव जितकं भारदस्त तितकं तिकीट फाडायची तयारी ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं. क्रिकेटचा सट्टा आपल्याकडे बेकायदाच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यामुळे मोबाइलवर कुणी ‘आयडी’, म्हणजे ऑनलाइन सट्ट्याचं खातं, देऊ करत असेल तर पुढचं गणित मांडायचीही गरज नाही.

राहिल्या युक्त्या. सगळ्यांची लाडकी म्हणजे हरलं की दुप्पट लावायचं. शंभर, दोनशे, चारशे... कधीतरी जिंकणारच! सलग सात वेळा हरलात की खिशातून १२,७०० गेलेले असतात, आठव्या डावाला १२,८०० हवेत, आणि हे सगळं कशासाठी, तर शंभर रुपये सुटावेत म्हणून. नाणेफेकीसारख्या निम्म्या शक्यतेच्या डावात सात वेळा सलग हरण्याची शक्यता १२८ मध्ये एक. फार लांबची वाटते? रोज पाच-दहा डाव खेळणाऱ्याला ती गाठायला फारसे महिने लागत नाहीत.

मगाशी दारात एकानं विचारलं, ‘सर, तुम्ही कधी लावलेत का?’ लावले. एकदाच, महालक्ष्मीला, हॉट फेव्हरिटवर प्लेसचं पन्नासचं तिकीट. घोडा आला. पंचावन्न मिळाले. मी ओरडलोही होतो. मग स्टेशनाबाहेर चहा घेतला, तो दहा रुपयांचा होता.