फुगलेल्या कोरोनरी सायनसचे पुढे काय झाले?

मित्रहो, विषय ‘वेगळ्या शिरारचनेतील ॲब्लेशन’ (शिरेतून हृदयात नेलेल्या कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, चुकीचे ठोके काढणारी जागा निकामी करणे) असा जाहीर झाला आहे आणि मांडीच्या शिरेतून हृदयाकडे नेहमीचा मार्गच नसेल तर काय करावे, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे. पण त्याआधीची एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे.

१९९८ साली बोर्दो येथे मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांत दाखवून दिले, की एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, अनियमित थरथर) पेटवणारे ठोके बहुतेक वेळा फुप्फुस शिरांच्या, म्हणजे फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांच्या, आतून निघतात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. डाव्या दोन शिरा एकाच मुखाने उघडणे किंवा उजवीकडे तिसरी शीर असणे हेही नित्याचे, म्हणून त्यावर मी थांबत नाही.

माझी तक्रार इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालाविषयी आहे. एका रुग्णाच्या जुन्या अहवालात ‘कोरोनरी सायनस फुगलेला’ (हृदयाच्या स्नायूतील रक्त उजव्या अलिंदात आणणारी शीर म्हणजे कोरोनरी सायनस) असे स्वच्छ लिहिलेले होते आणि खाली निष्कर्ष मात्र ‘नॉर्मल’ होता. ज्याने पाहिले त्याने विचारले नाही, आणि ज्याने वाचले त्याने फक्त शेवटची ओळ वाचली. ऊर्ध्व महाशीर, म्हणजे शरीराच्या वरच्या भागातील रक्त हृदयाकडे आणणारी शीर, गर्भात डावीकडेही असते. ती सहसा मिटते आणि १८५० साली जॉन मार्शल यांनी वर्णन केलेला अस्थिबंध तेवढा मागे उरतो. हजारात तीन ते पाच जणांत मात्र ती मिटत नाही आणि कोरोनरी सायनसमध्ये उघडते, म्हणून तो फुगतो. डाव्या हातातून फेसाळलेले सलाईन द्या. बुडबुडे उजव्या अलिंदाआधी कोरोनरी सायनसमध्ये दिसले, की निदान जवळजवळ झालेच. इतकी सोपी, इतकी स्वस्त तपासणी आपण का टाळतो? (पेसमेकरची तार डावीकडूनच खाली उतरू लागल्यावर ज्यांना ही शीर प्रथम भेटली, त्यांना माझा मुद्दा पटवून द्यावा लागणार नाही.) या शिरेतही स्नायुतंतू असतात. तिच्यातून ठोके निघत असतील आणि आपण फुप्फुस शिराच तेवढ्या विलग केल्या (ॲब्लेशनने त्यांचा अलिंदाशी विद्युतसंबंध तोडला), तर फिब्रिलेशन परत येऊ शकते. आणि तिला विलग करताना शेजारून जाणारी डावी फ्रेनिक नस (श्वासपटल हलवणारी) सांभाळावी लागते, ती कुठे आहे हे आधी ठाऊक असलेले बरे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, म्हणून कबूल केलेले थोडक्यात सांगतो. अधो महाशीर (शरीराच्या खालच्या भागाची) मध्येच खंडित असेल, तर खालचे रक्त पाठीच्या कण्यालगतच्या अझायगस शिरेतून वर जाऊन ऊर्ध्व महाशिरेला मिळते. मांडीतून घातलेला कॅथेटरही त्याच वळणाने वरून अलिंदात उतरतो, आणि डाव्या अलिंदात जाण्यासाठी दोन अलिंदांमधला पडदा भेदायला सुईला जो कोन हवा तो मिळत नाही. मग गळ्यातील शिरेतून पडदा भेदायचा, किंवा यकृतातील शिरेतून खालून शिरायचे. दुसऱ्या मार्गात कोन नेहमीसारखा मिळतो, पण रुग्ण हेपॅरिनवर (रक्त गोठू न देणाऱ्या औषधावर) असल्याने यकृतातील वाट बाहेर पडताना काळजीपूर्वक बुजवावी लागते. आतल्या इकोशिवाय (हृदयात घातलेल्या नळीवरील सोनोग्राफीशिवाय) यांपैकी काहीही करू नये, आणि सीटी आधीच काढलेला असावा. ही रचनादेखील साध्या इकोत बरगड्यांखालून पाहिल्यास कळते: यकृताच्या शिरा थेट उजव्या अलिंदात उघडताना दिसतात. दिसल्यावर ते निष्कर्षात लिहा.